छपराची शिवण



मृगाचे पहिले चार शिंतोडे पडले की घरोघर माणसे वर पाहू लागतात. आधी आभाळाकडे आणि मग आढ्याकडे. आभाळाकडे पाहतात ती आशेने, आढ्याकडे पाहतात ती धास्तीने. घराला गळती लागली तर खाली एक पातेले ठेवून रात्र काढता येते. पण सोसायटीच्या गोदामाला, बाजारपेठेतल्या दुकानांच्या इमारतीला किंवा कारखान्याला गळती लागली, तर पातेली कुठे कुठे ठेवणार? थप्पीतल्या वरच्या पोत्यावर ठिबकलेले पाणी खालच्या पोत्यांपर्यंत झिरपते. चार दिवसांत धान्याला वास येतो, मग बुरशी. आणि ते धान्य एकाचे नसते, साऱ्या गावाचे असते.

एवढ्यावर भागत नाही. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी आतल्या लोखंडी सळ्यांना गंज चढवते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. सळई आतल्या आत फुगते, भोवतालचे काँक्रीट फोडते आणि एके दिवशी छताचा पोपडा खाली येतो. खाली कोण बसले आहे, हे तो पाहत नाही. तेव्हा छपराचा प्रश्न हा नुसता ओलीचा प्रश्न नाही. तो मालाचा आहे, पैशाचा आहे आणि जिवाचाही आहे.

मोठ्या सपाट छपरांवर हल्ली एक वेगळ्या तऱ्हेचे आच्छादन घालतात. मोठी गोदामे, कारखाने, शीतगृहे, बाजाराच्या इमारती यांच्यावर ते दिसते. त्याला म्हणतात एकपदरी मेंब्रेन. मेंब्रेन म्हणजे पाणी आत न सोडणारा पातळ पडदा. तो कसा बसवतात, त्यात चूक कुठे होते आणि पैसे मोजणाऱ्याने काय पाहावे, हे आज सांगणार आहे. आपल्यापैकी कोणी सोसायटीचे पंच असतील, कोणी शाळेच्या इमारतीची काळजी वाहणारे गुरुजी असतील. कोणाचा मुलगा शहरात याच कामावर असेल. सर्वांनाच यातले थोडे ठाऊक असलेले बरे.

सपाट छप्पर आपल्याला नवे नाही. सोलापूर-मराठवाड्याकडचे माळवद आणि खानदेश-वऱ्हाडातले धाबे आपण पाहिले आहे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरून ती चोपायची, ढाळ नीट करायचा, पन्हळ मोकळी करायची, हा घरधन्याचा दरसालचा नेम. या माळवदात पाणी शिरायचे कुठून, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते सांगतील, “मधल्या मातीतनं नव्हं, भिंतीच्या कडंनं, न्हाई तर उजेडाच्या भोकापाशी.” हे उत्तर ध्यानात ठेवा. आजच्या नव्या छपरालाही ते जसेच्या तसे लागू आहे.

पुढे सिमेंटचा स्लॅब आला. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आला. कोबा चांगला, चालण्या-फिरण्याला बळकट. पण तो जड असतो. चौरस मीटरला दीड-दोनशे किलोचा भार तो सहज घालतो. लोखंडी कैच्यांवर उभ्या असलेल्या हलक्या इमारतीला हे ओझे पेलत नाही. काही ठिकाणी डांबरी फेल्ट वापरतात. त्यात कढत डांबर आणि फेल्ट यांचे थर एकावर एक चढवतात. ते काम गोधडीसारखे असते. गोधडीच्या एका पदराला भोक पडले तरी खालचा पदर सांभाळून घेतो. एकपदरी मेंब्रेन मात्र ताडपत्रीसारखे आहे. पदर एकच. तो शाबूत तर सारे शाबूत. त्याला भोक म्हणजे छपराला भोक. म्हणून या कामात हयगय चालत नाही.

हे मेंब्रेन मुख्यत्वे तीन प्रकारचे मिळते. पहिले रबराचे. त्याला ई.पी.डी.एम. म्हणतात. ज्या रासायनिक शोधांतून असले रबर तयार करणे शक्य झाले, त्या शोधांबद्दल कार्ल झिग्लर आणि जूलिओ नाट्टा या शास्त्रज्ञांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे रबर बहुधा काळे असते आणि ऊन-पाऊस चांगले सोसते. दुसरे पी.व्ही.सी.चे. युरोपात ते १९६० नंतरच्या दशकापासून छपरांवर वापरात आहे. तिसरे टी.पी.ओ. नावाचे. ते १९९० नंतर अमेरिकेत पसरले. ही दोन्ही बहुधा पांढरी किंवा करडी असतात आणि त्यांच्या पोटात धाग्यांची जाळी असते. जाडी किती म्हणाल, तर साधारण एक ते दोन मिलिमीटर. दीड मिलिमीटर जाडीचे मेंब्रेन चौरस मीटरला सुमारे दोन किलो भरते. कोब्याच्या वजनाशी याची तुलना करून पाहा, म्हणजे हलक्या इमारतींवर त्याला मागणी का, ते कळेल.

या तिघांत एक मोठा फरक आहे आणि तो शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगा आहे. प्लॅस्टिकची फुटकी बादली सांधणारा कारागीर आपण बाजारात पाहतो. तो तापलेल्या लोखंडाने प्लॅस्टिक वितळवतो, दाबतो, आणि थंड झाले की सांधा एकजीव होतो. पी.व्ही.सी. आणि टी.पी.ओ. याच जातीची. तापवली की मऊ, निवली की पुन्हा घट्ट. म्हणून त्यांचे सांधे गरम हवेने जोडतात. रबर तसे नाही. एकदा पक्के झालेले रबर तापवले तर करपते, पण वितळून सांधत नाही. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर कसे काढतात? जागा स्वच्छ करायची, सोल्युशन लावायचे, ते थोडे सुकू द्यायचे आणि मग ठिगळ दाबून बसवायचे. रबरी छपराची शिवण याच रीतीने, पण खास चिकटपट्टीने जोडतात. सोल्युशन ओले असतानाच घाई केली किंवा बोटाची धूळ लागली तर पंक्चर पुन्हा सुटते. छपराचेही तसेच.

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा, वीस मीटर रुंद आणि तीस मीटर लांब असे एक गोदाम आहे. छपराचे क्षेत्र झाले ६०० चौरस मीटर. त्यावर पाणी किती पडू शकते? २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे असा पाऊस आपल्या गोदामावर पडला तर एका दिवसात साडेपाच लाख लिटरांहून अधिक पाणी आले. दहा हजार लिटरचे छप्पन्न टँकर रिते केल्यासारखेच हे झाले. तसा पाऊस रोज पडत नाही, हे खरे. परंतु एवढ्या पाण्याला छपरावर थांबू न देता वाट करून देणे, हे पहिले काम. मेंब्रेनचा नंबर त्यानंतर.

म्हणून आरंभ ढाळापासून होतो. शंभर सेंटिमीटर अंतरात एक ते दोन सेंटिमीटर उतार हवा, आणि तो पाणी जाण्याच्या तोंडाकडेच हवा. हे बोलायला सोपे वाटते. पण पाण्याचे नरसाळे भोवतालच्या जागेपेक्षा बोटभर उंच बसवलेले कित्येक ठिकाणी आढळते. मग त्याच्याभोवती तळे साचते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी उभे असेल, तर ढाळ चुकला असे समजावे. पाणसळ लावून हे आधीच तपासता येते. नरसाळ्याच्या तोंडावर पाला अडवणारी जाळी हवी. शिवाय कठड्यात थोड्या उंचीवर एक जादा भोक ठेवावे. मुख्य तोंड तुंबले तर पाणी तिथून बाहेर पडते, आणि बाहेर पाणी पडताना दिसले की खालच्या माणसालाही कळते की वर काहीतरी तुंबले आहे.

दुसरे काम खालचा पृष्ठभाग तयार करण्याचे. जुने आच्छादन सुटलेले असेल तर काढावे. भेगा भराव्यात, उंचवटे घासावेत. खिळे, खडे, तारेचे तुकडे झाडून काढावेत. एक बारीक खडा मेंब्रेनखाली राहिला आणि त्यावर माणसाचा पाय पडला की आतून भोक पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे, जमीन कोरडी हवी. वरून कोरडा दिसणारा स्लॅब आत ओला असू शकतो. याची परीक्षा शाळेतली मुलेही करू शकतील. हात-सव्वा हाताचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा घ्या, स्लॅबवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव धरलेले दिसले, किंवा खालचा स्लॅब काळपट झालेला दिसला, की समजावे, अजून ओल आहे. अशा स्लॅबवर मेंब्रेन चिकटवले तर उन्हाने आतल्या पाण्याची वाफ होते आणि फोड येतात.

तिसरे काम उष्णतारोधक फळ्यांचे. पत्र्याच्या इमारतींवर आणि शीतगृहांवर मेंब्रेनखाली हलक्या फेसाळ पदार्थाच्या फळ्या घालतात, म्हणजे ऊन आत येत नाही. या फळ्यांचे सांधे विटांच्या सांध्यांसारखे मोडून घ्यावेत, एका ओळीत येऊ देऊ नयेत. आज जेवढ्या फळ्या मेंब्रेनखाली झाकता येतील तेवढ्याच आज पसराव्यात. संध्याकाळी कामाची उघडी कड तात्पुरती सील करून मगच खाली उतरावे. रात्री वळीव आला तर उघड्या राहिलेल्या फळ्या पाणी पितात, आणि ते पाणी पुढे वर्षानुवर्षे छपराच्या पोटात कोंडून राहते. येथे आणखी एक खबरदारी सांगायला हवी. पी.व्ही.सी. मेंब्रेन थर्माकोलवर किंवा जुन्या डांबरावर सरळ टाकू नये. त्याला लवचीक ठेवणारे जे तेलकट द्रव्य असते ते या पदार्थांत ओढले जाते आणि मेंब्रेन कडक होऊन तडकते. मध्ये वेगळ्या कापडाचा पदर घालावा लागतो.

आता गुंडाळ्या उलगडण्याची वेळ आली. गुंडाळी उलगडली की लगेच ठोकायला घेऊ नये. अर्धा तास ती मोकळी पडू द्यावी. गुंडाळलेल्या चटईला जशी वळणाची सवय असते तशी हिलाही असते. ती सवय मोडून सुरकुत्या निवल्या की पुढचे काम. आरंभ ढाळाच्या खालच्या अंगापासून करावा आणि वर चढत जावे, म्हणजे वरचा पदर खालच्या पदरावर येतो. कौलारू घर शाकारणाऱ्याला हे सांगायला नको. कौले उलटी लावली तर पाणी सांध्यात घुसते, हे त्याला ठाऊकच आहे.

मेंब्रेन जागेवर धरून ठेवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, वर नदीतले गोल गोटे पसरणे. यात चौरस मीटरला पन्नास किलो किंवा त्याहून जास्त भार येतो, म्हणून स्लॅब बळकट असेल तरच. दुसरी, चकत्या आणि स्क्रू यांनी कडेला जखडणे. स्क्रू एका पट्ट्याच्या कडेवर बसतात आणि शेजारच्या पट्ट्याचा पदर त्यांना झाकून टाकतो, म्हणून उघडे भोक राहत नाही. तिसरी, सर्वभर चिकटवणे. यात गोंद स्लॅबला आणि मेंब्रेनला दोन्हीकडे लावतात आणि तो बोटाला चिकट लागेल पण बोटाबरोबर तार सुटणार नाही, इतका सुकू देतात.

यातली कोणती रीत घ्यायची, हे वाऱ्यावर ठरते. वारा छपराला दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सपाट छपराला वारा वर उचलतो. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य दाखवावा. कागदाची एक अरुंद पट्टी खालच्या ओठाशी धरा. ती खाली लोंबेल. आता तिच्या वरून जोराने फुंकर मारा. पट्टी वर उचलली जाईल. वारा भिंतीवर आदळून कडेवरून उसळतो, आणि त्या कडेपाशी छपरावरचा दाब एकदम कमी होतो. आतली हवा छपराला खालून लोटत असते. म्हणून मध्यापेक्षा कडांना आणि कडांपेक्षा कोपऱ्यांना ओढ अधिक बसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोकणात किती पत्रे उडाले, हे तिथल्या लोकांनी पाहिले आहे. तेव्हा स्क्रूंची संख्या साऱ्या छपरावर सारखी ठेवू नये. कडांना दाट आणि कोपऱ्यांत सर्वांत दाट ठेवावी. किती दाट, हे इमारतीची उंची आणि तिथला वारा पाहून इंजिनियराने काढावे. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये.

आता शिवणीकडे येऊ. सारी मेहनत येथे तरते किंवा बुडते. दोन पट्ट्यांचा पदर एकमेकांवर चांगला दहा-बारा सेंटिमीटर यावा. पी.व्ही.सी. आणि टी.पी.ओ.च्या शिवणीवर एक लहानसे चाकावरचे यंत्र चालवतात. त्याच्या तोंडातून सुमारे पाचशे अंश सेल्सिअसची गरम हवा दोन पदरांच्या मध्ये शिरते आणि मागचे चाक त्यांना लगेच दाबते. निदान चार सेंटिमीटर रुंदीची जोड एकजीव झाली पाहिजे. यंत्र जलद चालवले तर जोड कच्ची राहते, सावकाश चालवले तर मेंब्रेन करपते. सकाळच्या गारव्याला लावलेला काटा दुपारच्या उन्हात चालत नाही. म्हणून जाणता कारागीर दर सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा, आधी दोन तुकडे जोडून पाहतो. ते निवल्यावर हातांनी ओढतो. जोड सुटली तर काटा चुकला. जोड न सुटता मेंब्रेनच फाटले, तर काटा बरोबर. हा तुकडा मागून घ्यावा आणि त्यावर तारीख घालून ठेवावी.

शिवण निवल्यावर तिच्या काठाने एक बोथट टोकाची सळई दाबत न्यायची असते. जोड पक्की असेल तर सळई घसरत जाते. कच्ची असेल तर टोक आत शिरते. तिथे खडूने खूण करायची आणि त्याच दिवशी दुरुस्त करायचे. ही तपासणी कंटाळवाणी असते. संध्याकाळ झालेली असते, पाठ मोडलेली असते, आणि पाचशे मीटर शिवण वाकून पाहायची असते. म्हणून हीच तपासणी पहिली चुकवली जाते. काम घेणाऱ्याला नावे ठेवण्यापेक्षा काम देणाऱ्याने एक माणूस त्या वेळी वर उभा ठेवावा. तीन पदर जेथे एकत्र येतात त्या जागी पायरी पडते आणि पायरीखाली काडी जाईल एवढी पोकळी राहते. अशा प्रत्येक जागी वेगळे गोल ठिगळ हवेच.

आणि आता म्हाताऱ्यांचे ते उत्तर आठवा. भिंतीची कड आणि मध्ये असलेले भोक. कोब्याच्या कामात स्लॅब आणि कठडा यांच्या कोनात गवंडी गोलाईचा वाटा काढतो. एकपदरी कामात मेंब्रेन त्या कोनाच्या तळाशी पट्टीने आणि स्क्रूंनी जखडतात. तसे केले नाही तर काही वर्षांत ते आकसून कोनातून तंबूसारखे ताणले जाते आणि पाय पडताच फाटते. नंतर ते कठड्यावर निदान वीस सेंटिमीटर वर चढवावे. वरच्या टोकाला धातूची पट्टी ठोकून सील करावे आणि त्यावर पाणी निथळेल असे झाकण द्यावे. नुसते सील भरून सोडले तर उन्हाने ते सुकून फाटते. प्रत्येक नळाला, प्रत्येक वायरीला रबरी मोजा चढवावा आणि वरून आवळपट्टी घालावी. पाण्याच्या नरसाळ्यात मेंब्रेन आतपर्यंत नेऊन कड्याने दाबावे.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. काँक्रीटच्या स्लॅबवर नळांची तोंडे बंद करून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी उभे करतात आणि खालून पाहतात. पण आधी हिशेब करावा. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. आपल्या ६०० चौरस मीटरवर तीस टन वजन झाले. इंजिनियराने होकार दिल्याशिवाय हे करू नये, आणि हलक्या पत्र्याच्या छपरावर तर करूच नये. खाली थेंब दिसला तर भोक नेमके त्याच्या वर असेल असे समजू नका. पाणी उताराने आत वाहत जाऊन दूरवर ठिबकते. थेंबापासून ढाळाच्या वरच्या अंगाला शोधत जावे, आणि आधी कडा, नळ, कोपरे पाहावेत.

या कामावर राबणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. गुंडाळी उलगडताना कारागीर मागे मागे सरकत जातो. त्याचे लक्ष हातातल्या कामावर असते, पाठीमागची कड त्याला दिसत नाही. उजेडासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे पत्रे माणसाचा भार घेत नाहीत. पांढरे मेंब्रेन दुपारी डोळे दिपवते आणि पहाटेच्या दवात निसरडे होते. गोंदाची वाफ पेट घेते, तिच्याजवळ विडी ओढू नये. म्हणून कडेला कठडा किंवा दोरखंड, अंगाला पट्टा आणि तो बांधायला पक्की जागा, उजेडाच्या पत्र्यांवर फळ्या, एवढे झाल्याशिवाय कोणाला वर चढवू नये. यातला खर्च करारात आधीच लिहावा. नंतर तो कोणी करत नाही.

मग आपल्या शाळेच्या दोन खोल्यांवर असले छप्पर घालावे का? मला वाटते, बहुधा नको. त्या गच्चीवर मुले जातात, कोणी मिरच्या वाळत घालतो, कोणी टाकी बसवतो. जवळपास यंत्र नाही, जाणता कारागीर नाही. तिथे चांगला कोबा बरा. मोठे क्षेत्र, हलका सांगाडा, माणसांची ये-जा थोडी, अशा ठिकाणी एकपदरी शोभते. आणि तेही इमारत पाहून निवडावे. ज्या खाणावळीच्या धुराड्यातून तेलाची वाफ छपरावर पडते, तिथे रबर नको, ते तेलाने फुगते. पांढरे मेंब्रेन ऊन परतवून इमारत थंड ठेवते, पण धूळ बसली की तो गुण कमी होतो, म्हणून ते धुवावे लागते.

नीट बसवलेले रबरी छप्पर तीस वर्षांहून अधिक टिकल्याची उदाहरणे आहेत. वाईट बसवलेले पहिल्याच श्रावणात उघडे पडते. सामान एकच, फरक हातांचा. म्हणून दोन हमीपत्रे वेगवेगळी मागावीत. एक सामानाचे, एक कामाचे. कारखानदार शीटची हमी देतो, शिवणीची हमी शिवणाराने द्यावी लागते. वर्षातून दोनदा, वैशाखात आणि दसऱ्यानंतर, एका माणसाने वर चढून जाळ्या साफ कराव्यात, कडा पाहाव्यात, फाटले असेल तिथे त्याच जातीचे ठिगळ लावावे. डांबर फासू नये. आणि वर्षभर ध्यानात ठेवावे, की डिश बसवायला, पाटी लावायला किंवा सौरपट्ट्या ठोकायला आलेल्या माणसाने विचारल्याशिवाय भोक पाडता कामा नये. एका स्क्रूने साऱ्या छपराची कमाई जाते.

आपले आजे दर वैशाखात माळवदावर चढत होते. सामान बदलले, तो नेम बदलण्याचे कारण नाही. पंचमंडळींना माझी एवढीच विनंती आहे. शेवटचे बिल देण्यापूर्वी एकदा स्वतः शिडीवरून वर जा. मधली पांढरीशुभ्र चादर पाहून खूश होऊ नका. कडेकडेने चाला, कोपऱ्यांत वाका, नळांपाशी थांबा, शिवणीवरून बोट फिरवा. बोट अडले तर बिलही अडवा.